पोपटाचे उपद्व्याप कसे आवरावेत?

आडवाट

आमच्या घरी सन कोन्यूर जातीचा एक पोपट आहे. वजन जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम, परंतु घरातल्या प्रत्येकाला पुरून उरेल एवढा त्याचा उत्साह आहे. तो माणसाळलेला आहे, बोटावर बोलावले की येतो, मानेवरून बोट फिरवलेले त्याला आवडते. म्हणजे तो चिडखोर किंवा घाबरट पक्षी नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तक्रारी तीन आहेत. मी काम करीत असलो की तो कीबोर्डवर उतरतो आणि कळांच्या कडेला चोच घालून त्या एकेक करून उचकटतो. पिंजऱ्यात परत ठेवायची वेळ झाली की दारापर्यंत शहाण्यासारखा येतो आणि नेमक्या त्या क्षणी बोटाला कडकडून चावतो. आणि मी फोनवर बोलू लागलो किंवा दुसऱ्या खोलीत गेलो की तो अशा पट्टीत ओरडतो की पुढे बोलणेच अशक्य होते.

घरात यावरून दोन तट पडले आहेत. एकाचे म्हणणे असे की, हा त्याचा स्वभाव आहे, सोसावा. दुसऱ्याचे म्हणणे असे की, त्याला धाक हवा. ओरडला की पिंजऱ्यावर कापड टाकावे. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरा मार्गही दिसत नाही. ज्यांनी पोपट बरीच वर्षे पाळले आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

खटपट्या

सल्ला देण्यापूर्वी एक माहिती हवी. त्याने सर्वांत आधी कोणती कळ काढली? ती एस्केपची असेल, तर त्याचे म्हणणे पुरेसे स्पष्ट आहे.

आडवाट

स्पेसची लांब पट्टी. जागा कमी पडते, असा अर्थ काढावा का?

अर्धविराम

पिंजऱ्याच्या दारात बसणारा चावा मला हिशेबी वाटतो. बाहेरची मजा संपवणारा हात तो हाच, हे पक्ष्याने ओळखलेले असते. आणि चावल्यावर हात मागे जातो, म्हणजे बाहेरचा वेळ वाढतो, हेही त्याच्या ध्यानात आलेले असते. तेव्हा हिशेब बदलावा लागतो. त्याला सर्वांत आवडणारा पदार्थ (बहुतेकांच्या बाबतीत सूर्यफुलाचे बी) दिवसभर वाटीत न ठेवता फक्त पिंजऱ्यात गेल्यावर द्यावा. शिवाय आत ठेवणे म्हणजे दिवस संपणे, हे समीकरण मोडावे : आत ठेवावे, बी द्यावे आणि लगेच पुन्हा बाहेर काढावे. दिवसातून असे अधूनमधून केले की आत जाण्याला विशेष अर्थ उरत नाही. दार बंद करण्याची घाई मात्र करू नये, कारण कडीचा आवाज ऐकताच हे पक्षी सावध होतात.

दुसरी गोष्ट, चोच लावणे आणि चावणे यांत फरक करायला हवा. पोपट चढता-उतरताना चोचीचा उपयोग पायासारखाच करतात. नव्या फांदीवर पाय ठेवण्याआधी ती भार पेलेल की नाही, हे चोचीने दाबून पाहतात. बोटही त्यांच्या लेखी फांदीच असते. चोच लागताच आपण हात झटकन मागे घेतला, तर ही फांदी भरवशाची नाही एवढेच पक्षी शिकतो आणि पुढच्या वेळी जोरात पकडतो.

खऱ्या चाव्याआधी तो इशारे देतो. बुबुळे भराभर लहानमोठी होतात, मानेवरची पिसे उभी राहतात, शेपूट पंख्यासारखे पसरते, शरीर ताठ होते किंवा पुढे झुकते. यांपैकी नुसती बुबुळांची हालचाल आनंदातही होते, म्हणून पक्षी अखंड पाहावा, एकट्या डोळ्यांवरून निष्कर्ष काढू नये. इशारा दिसला की हात जागीच थांबवावा. चाव्याची वाट पाहून मग हात काढून घेतला, तर चावा उपयोगी पडतो हेच आपण शिकवलेले असते.

रोखठोक

हे सर्व वाचायला छान आहे. परंतु पक्षी बोटातून रक्त काढत असताना त्याच्या बुबुळांचा अभ्यास कोणी करायचा? आमच्या घरी पूर्वीपासून पोपट आहेत. चावला की चोचीवर बोटाने हलकी टिचकी, हातावर बसून चावला की हात किंचित हलवायचा, आणि फारच आरडाओरडा झाला तर पिंजऱ्यावर कापड. शिस्त लागते. हल्ली आपण पक्ष्यांना शिस्तीऐवजी समुपदेशन देऊ लागलो आहोत.

शुश्रूषा

मी पशुवैद्य आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत पक्षी बरेच असतात, म्हणून रोखठोक यांच्या तिन्ही उपायांबद्दल स्पष्ट लिहिते.

चोच वरून नखासारखी कठीण दिसत असली, तरी आत हाड, रक्तपुरवठा आणि मज्जातंतू असतात. पोपटाच्या चोचीचे टोक तर विशेष संवेदनशील असते. तिथे टिचकी मारली की त्याला दुखते, किंवा हा खेळ आहे असे वाटून तो उलट जोरात झोंबतो. हात हलवल्याने पक्षी तोल सांभाळण्यासाठी पकड घट्ट करतो आणि हातावर बसणेच त्याला नकोसे होते. कापडाचा उपयोग झोपेसाठी आहे. पोपटाला रोज 10 ते 12 तास शांत, अंधारी झोप लागते आणि ती अपुरी पडली की चिडचिड, चावे आणि ओरडणे तिन्ही वाढतात. त्याच कापडाने शिक्षा केली, तर आवाज तेवढ्यापुरता थांबतो, पण झोपेची खूण आणि भीतीची खूण एकच होऊन बसते.

आडवाट यांना माझा पहिला प्रश्न असा की, हे वर्तन हळूहळू आले की अचानक? स्वभाव एकाएकी बदलला, तर आधी आजार नाही ना, हे पाहावे. पोपट आजार लपवतात. कळपात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, त्यामुळे लक्षणे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा घ्यावा आणि शक्य तर रोज सकाळी, खाण्यापूर्वी, वजनाची नोंद करावी. घटणारे वजन अनेकदा इतर कोणत्याही लक्षणाआधी बोलते.

आणि चावला म्हणून कोणीही पक्ष्याला मुठीत आवळू नये. पक्ष्यांना श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढेमागे होऊन श्वास चालतो. ती हालचाल थांबली की श्वास थांबतो. टॉवेलमध्ये धरावेच लागले, तर डोके दोन्ही बाजूंनी आधार देऊन स्थिर ठेवावे आणि छाती पूर्ण मोकळी ठेवावी.

आडवाट

हळूहळू आले. वजनकाटा मागवला आहे.

उंबरठा

ओरडण्याबद्दल लिहितो, कारण या एका विषयात मी अनिच्छेने तज्ज्ञ झालो आहे. पोपट कळपाने राहतात आणि एकमेकांच्या नजरेआड गेले की साद घालतात : मी इथे आहे, तू कुठे आहेस? दुसरा उत्तर देतो आणि विषय संपतो. घरात आपणच कळप असतो. आपण दुसऱ्या खोलीत जातो, तो साद घालतो, उत्तर येत नाही, म्हणून तो मोठ्याने विचारतो. शेवटी आपण वैतागून 'गप्प बस' असे ओरडतो. त्याच्या दृष्टीने कळपाने जोरदार उत्तर दिले. इतक्या मोठ्याने विचारल्यावरच उत्तर मिळते, हा नियम पक्का झाला.

त्यामुळे आधी उत्तर द्यायला शिकावे. खोलीतून जाताना एक ठरावीक शीळ घालावी, त्याने हळू आवाजात काही म्हटले की दुसऱ्या खोलीतून तीच शीळ परत द्यावी. कर्कश ओरडण्याला मात्र शब्द, नजर, पाऊल यांपैकी काहीही देऊ नये. तो थांबला आणि साधा आवाज काढला की लगेच प्रतिसाद द्यावा. सुरुवातीला ओरडणे कमी होण्याआधी वाढते, कारण जुनी युक्ती चालेनाशी झाली की तो तीच अधिक जोर लावून करून पाहतो. नेमक्या याच टप्प्यावर घरातले एक माणूस विरघळते, आणि मग सर्वांत मोठ्या ओरडण्याला सर्वांत मोठे बक्षीस मिळते.

फोनचे कारण वेगळे असावे. तुम्ही एकटे आहात, समोर कोणी दिसत नाही आणि तुम्ही बोलत आहात. तर तुम्ही त्याच्याशीच बोलत आहात, असे तो समजत असेल. त्याला दोष देता येत नाही. फोन घेण्यापूर्वी त्याला असे काही द्यावे की त्याची चोच कामात राहील.

पहाटे आणि संध्याकाळी थोडा वेळ सगळेच पोपट कलकलाट करतात. तो बंद करण्याच्या मागे लागू नये. ते जमत नाही आणि जमवूही नये.

निवांत

उंबरठा यांचा सल्ला स्वतंत्र घरात राहणाऱ्यांसाठी आहे. भिंतीला भिंत लागून शेजारी राहत असतील, तर 'ओरडणे वाढेल, दुर्लक्ष करा' हे त्यांना कोणत्या शब्दांत समजावावे? सन कोन्यूर हा आकाराच्या मानाने फारच मोठ्या आवाजाचा पक्षी आहे, आणि पाळण्याआधी त्याचा आवाज प्रत्यक्ष ऐकावा, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. आडवाट यांच्या बाबतीत ती वेळ निघून गेली आहे. तेव्हा पिंजरा समाईक भिंतीपासून दूर, परंतु जिथे माणसांचा वावर असतो अशा खोलीत हलवावा. एकाकी खोलीत ठेवल्यास आवाज आणखी वाढेल.

रानवारा

कीबोर्डकडे कोणीच वळले नाही, म्हणून लिहिते. उचकटणे, फाडणे, कुरतडणे हे पोपटाचे दिवसभराचे काम आहे. रानात तो साल सोलतो, शेंगा फोडतो, ढोलीचे तोंड रुंद करतो. घरात त्याला वाटीत आयते मिळते, पाच मिनिटांत पोट भरते आणि उरलेला दिवस रिकामा जातो. मग तो कीबोर्ड उघडतो.

ही बुद्धी किती पुढे जाते, याची दोन उदाहरणे देते. 2013 साली व्हिएन्नाजवळच्या एका प्रयोगशाळेतील गॉफिन कोकाटू जातीच्या पोपटांपुढे पाच कुलपांची एक पेटी ठेवण्यात आली होती. आधी खीळ ओढायची, मग स्क्रू फिरवून काढायचा, मग बोल्ट, मग चाक फिरवायचे, मग कडी सरकवायची. एक उघडल्याशिवाय पुढचे उघडत नाही. त्यांच्यातील एका पक्ष्याने कोणाचीही मदत न घेता दोन तासांच्या आत आतला काजू मिळवला. दुसरे उदाहरण सिडनीचे. तिथल्या पिवळ्या तुऱ्याच्या कोकाटूंनी कचऱ्याच्या डब्यांची झाकणे उघडायला सुरुवात केली आणि ती विद्या एकमेकांकडे पाहून पसरली. 2018 पूर्वी तीन उपनगरांत दिसणारी ही गोष्ट 2019 च्या अखेरीस 44 उपनगरांत दिसू लागली, असे 2021 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. लोकांनी झाकणांवर विटा ठेवल्या, तर काही पक्ष्यांनी त्या ढकलून पाडल्या.

अशा प्राण्याला 'हे करू नकोस' एवढेच सांगून भागत नाही. 'त्याऐवजी हे कर' हेही सांगावे लागते. रोजच्या खाण्याचा काही भाग कागदाच्या पुड्यांत, पुठ्ठ्याच्या नळीत, रंग न दिलेल्या मऊ लाकडाच्या भोकांत दडवून ठेवावा. पहिल्या दिवशी पुडी अर्धी उघडी ठेवावी, नाहीतर त्यात काही आहे हेच त्याला कळत नाही. खेळणी एकदम सगळी न टांगता आलटून पालटून टांगावीत. तुमच्या टेबलाजवळ त्याचा स्वतःचा स्टँड असावा, त्यावर फाडण्याजोगे काही असावे, आणि तो तिथे असताना अधूनमधून बक्षीस मिळावे. कीबोर्डवर उतरला की काहीही न बोलता उचलून पुन्हा स्टँडवर.

खटपट्या

मी त्याला जुना कीबोर्डच देऊन टाकला असता. प्रत्येकाची आपापली कामे.

शुश्रूषा

विनोद म्हणून ठीक आहे, परंतु कृपया कोणी देऊ नये. प्लास्टिकचे तुकडे, स्प्रिंगा आणि धातूचे भाग पोटात जाऊ शकतात. शिसे आणि जस्त यांची विषबाधा पोपटांत नेहमी दिसते. जस्ताचा मुलामा दिलेली तार, पडद्यांच्या खालच्या कडेला शिवलेली वजने, जुना रंग ही त्याची ओळखीची कारणे आहेत. आणि कीबोर्ड उघडणारी चोच एक दिवस चार्जरच्या वायरपर्यंत पोहोचतेच, तेव्हा वायरी नळीत घालाव्यात.

खोड्यांच्या ओघात स्वयंपाकघराचा उल्लेख झालेला नाही, तो मी करते. नॉनस्टिक भांडे रिकामे तापत राहिले की त्यातून निघणारी वाफ माणसाला जाणवणारही नाही, पण पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. स्वयंपाक चालू असताना पोपट तिथे नसावा, मग तो कितीही गुणी असो. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कॉफी, कांदा आणि लसूण त्याच्या चोचीला लागू देऊ नयेत. फिरता पंखा, पाण्याने भरलेली उघडी बादली आणि आपटणारे दार यांच्यामुळे जेवढे पक्षी माझ्याकडे आले, तेवढे भांडणांमुळे आले नाहीत. मांजराने नुसते ओरखडले, तरी त्याच दिवशी वैद्याकडे न्यावे. तिच्या लाळेतील जंतू पक्ष्याला जीवघेणे ठरतात.

मितभाषी

पंख कापा. प्रश्न मिटतो.

रानवारा

मितभाषी, कीबोर्डवर तो चालतही येतो. कुरतडणाऱ्या चोचीवर पंख कापण्याचा काहीच परिणाम होत नाही. उलट ज्या पक्ष्याला नकोशा हातापासून उडून दूर जाता येते, त्याला चावण्याची गरज कमी पडते. उडणे काढून घेतले की त्याच्याकडे 'नको' म्हणायला चोचीशिवाय दुसरे साधन उरत नाही.

रोखठोक

आणि उघड्या खिडकीतून उडून गेलेला पक्षी परत आणायला कोणते तत्त्वज्ञान उपयोगी पडते?

शुश्रूषा

इथे मी थोडी रोखठोक यांच्या बाजूने आहे. घरात सतत दारे उघडझाप होत असतील, पंखे बंद ठेवणे शक्य नसेल, तर काही काळासाठी दोन्ही बाजूंची काही पिसे सारखी कमी करण्याचा निर्णय वैद्याच्या हातून घेणे समजण्यासारखे आहे. परंतु वाढत असलेल्या पिसाच्या देठात रक्त असते, ते कापले गेले की रक्तस्राव होतो. म्हणून हे काम घरी कात्री घेऊन करू नये. फार कापले तर पक्षी दगडासारखा पडतो आणि छातीचे हाड दुखावते. पंख कापलेला आहे म्हणून त्याला खांद्यावर घेऊन बाहेर जाणे तर त्याहून धोक्याचे, कारण वाऱ्याच्या झोतावर तोही दूर जाऊ शकतो आणि गळलेल्या पिसांच्या जागी नवी कधी आली हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. माझी पसंती खिडक्यांना जाळ्या आणि बोलावल्यावर हातावर उडत येण्याचे शिक्षण, यांनाच आहे.

सांजवेळ

आमच्याकडे आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट आहे. तो फोनच्या घंटीची, दाराच्या घंटीची आणि वडिलांच्या खोकल्याची नक्कल करतो. तिसऱ्या नकलेला पाहुणे पाणी आणून देतात. खोड म्हणावी की कला, हे ठरवता येत नाही.

उंबरठा

पाणी आणून देणारेच त्याचे शिक्षक आहेत. 2020 साली इंग्लंडमधील लिंकनशायर वाइल्डलाइफ पार्कमध्ये पाच आफ्रिकन ग्रे एकत्र ठेवले होते, तेव्हा ते शिव्या देऊ लागले. कोणी हसले की आणखी शिव्या. शेवटी त्यांना काही काळ प्रेक्षकांच्या नजरेआड करून वेगवेगळे ठेवावे लागले. हसणे हे पोपटासाठी सूर्यफुलाच्या बियांपेक्षा मोठे बक्षीस आहे. नको असलेल्या शब्दाला गंभीर चेहऱ्याने सामोरे जाणे, हे घरातल्या मुलांना शिकवणे पक्ष्याला शिकवण्यापेक्षा अवघड जाते.

अर्धविराम

ग्रेचा विषय निघाला म्हणून आठवले. डॉ. आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 पासून 2007 पर्यंत ॲलेक्स नावाच्या ज्या ग्रेवर संशोधन केले, तो कंटाळा आला की परत जायचे आहे असे इंग्रजीत स्पष्ट सांगत असे. वस्तू, रंग, आकार ओळखण्याबद्दल त्याचे कौतुक झाले, ते योग्यच आहे. मला मात्र हाताळणीच्या दृष्टीने ही गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पुरे झाले हे सांगण्याची सभ्य सोय पक्ष्याकडे असली आणि ती आपण मानली, तर चाव्याचे कामच उरत नाही. आपल्या पक्ष्याला शब्द येत नसतील, पण मान वळवणे, दूर सरकणे, पाय न उचलणे एवढे तो सांगतोच.

मितभाषी

आमचा लव्हबर्ड फक्त पत्नीला चावत नाही. बाकी सर्वांना चावतो. उपाय?

शुश्रूषा

हे बहुधा जोडीचे नाते आहे. पाठीवरून, पंखांखालून किंवा शेपटाजवळ हात फिरवणे थांबवावे. तो स्पर्श पोपटांत जोडीदाराचा समजला जातो. डोके आणि मान एवढेच पुरे. सोफ्याखालची अंधारी जागा, खोके, कपाटाचा कप्पा ही त्याला घरट्याची जागा वाटते, तिथे जाऊ देऊ नये. आवडीचा खाऊ काही दिवस पत्नीने न देता इतरांनी द्यावा, आणि तो हातातून घेण्याचा हट्ट न धरता वाटीत टाकून निघून जावे.

आडवाट

सर्वांचे आभार. काही आठवड्यांनंतरची परिस्थिती कळवतो. फोनच्या वेळी कागदाच्या पुड्या देण्याचा उपाय चांगला लागू पडला आहे. पुडी संपेपर्यंत शांतता असते, त्यामुळे माझे फोन आटोपशीर झाले आहेत. आत ठेवून लगेच बाहेर काढण्याच्या सरावाने दारातले चावे पुष्कळ कमी झाले. दुसऱ्या खोलीत गेल्यावरचे ओरडणे आधी खरोखर वाढले आणि घरातले एक माणूस विरघळलेही, नाव सांगत नाही. शीळ आता तो स्वतःच आधी घालतो. कीबोर्डच्या बाबतीत मात्र स्टँडवर तो तेवढ्यापुरता रमतो, आणि मी टंकलेखन सुरू केले की येतोच.

आणखी एक अडचण आहे. पाहुणे आले की तो त्यांच्या खांद्यावर झेपावतो आणि कानातले ओढतो. त्यांना दुखापत होण्याची भीती वाटते.

रानवारा

बोटे हलत असलेली वस्तू त्याला सर्वांत मोलाची वाटणार, कारण तुम्हीच तिला दिवसभर महत्त्व देता. ज्या वेळी खरोखर काम उरकायचे असेल, त्या वेळी तो पिंजऱ्यात पुड्यांसह असावा. इतर वेळी कीबोर्डवर झाकण. त्याच्यासमोर त्याच्या खेळण्याशी तुम्ही स्वतः दोन मिनिटे खेळून पाहा, त्या खेळण्याचा भाव लगेच वाढतो.

शुश्रूषा

पाहुण्यांच्या बाबतीत नियम कडक ठेवावा : खांदा कोणालाच नाही. खांद्यावरचा पक्षी आपल्याला दिसत नाही, त्याचे इशारे कळत नाहीत आणि डोळे, कान, ओठ त्याच्या चोचीच्या टप्प्यात असतात. पाहुणे येण्यापूर्वी त्याला पिंजऱ्यात ठेवावे, ते स्थिरस्थावर झाल्यावर बाहेर काढून स्टँडवर बसवावे, आणि पाहुण्यांनी हात पुढे न करता लांब चमच्यातून बी द्यावे. झेपावण्याच्या तयारीत तो अंग आवळतो आणि पंख किंचित अंगापासून सोडतो. तेवढ्यात त्याला तुमच्या हातावर बोलवावे. कानातली पाहुण्यांनी काढून ठेवलेली बरी, त्यांतला धातू कोणता आहे हे आपल्याला माहीत नसते. आणि वजनाची नोंद चालू आहे का, ते लिहिले नाहीत.

आडवाट

चालू आहे. काट्यावर उभे राहण्याचे एक बी घेतो, उतरण्याचे दुसरे मागतो.

शुश्रूषा

उतरण्याचे देऊ नका, नाहीतर तो काट्यावर थांबणारच नाही.